‘डर्टी डान्सिंग’ रंगमंचावर: नायक-नायिका गात नाहीत, मग ते म्युझिकल कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘डर्टी डान्सिंग’ हा सिनेमा जवळजवळ पाठ आहे, आता त्याचं स्टेज म्युझिकल बघायची संधी आली आहे; पण त्यात नायक जॉनी आणि नायिका बेबी गाणी म्हणतच नाहीत असं कळलं. मग त्याला म्युझिकल कशाला म्हणायचं? शेवटची ती प्रसिद्ध लिफ्ट, म्हणजे तो नाचता नाचता तिला डोक्यावर उचलून धरतो ती, आणि तळ्यात ते तिचा सराव करतात तो प्रसंग स्टेजवर करतात तरी कसे? आणि सिनेमा इतक्यांदा पाहिलेल्या माणसाने तेच पुन्हा बघायला का जावं?

मी रंगमंचासाठी नृत्य बसवते, त्यामुळे माझं उत्तर बरंचसं तालमीच्या खोलीतून येणार. ती दोघं गात नाहीत हाच या प्रयोगाचा कणा आहे. तो निर्णय का घेतला गेला हे कळलं की लिफ्टपासून संगीतापर्यंत बाकीच्या गोष्टींचा उलगडा होत जातो.

आधी थोडी पार्श्वभूमी. सिनेमा १९८७ चा, एलिनॉर बर्गस्टीन यांनी लिहिलेला, एमिल आर्डोलिनो यांनी दिग्दर्शित केलेला; नृत्यं केनी ऑर्टेगा यांची. काळ १९६३ चा उन्हाळा, जागा न्यूयॉर्कजवळच्या कॅट्सकिल डोंगरांतलं केलरमन्स नावाचं काल्पनिक रिसॉर्ट. डॉक्टरची सतरा वर्षांची मुलगी फ्रान्सेस, जिला सगळे ‘बेबी’ म्हणतात, तिथल्या नृत्यशिक्षकाच्या, जॉनीच्या, प्रेमात पडते. बर्गस्टीन स्वतः ब्रुकलिनमधल्या डॉक्टरची मुलगी, घरात त्यांनाही ‘बेबी’च म्हणत, आणि कॅट्सकिलमधल्या सुट्ट्या त्यांनी अनुभवलेल्या. रंगमंचावरची संहिताही त्यांनीच लिहिली. पहिला प्रयोग नोव्हेंबर २००४ मध्ये सिडनीच्या थिएटर रॉयलला झाला. दिग्दर्शन मार्क विंग-डेव्ही यांचं, नृत्यदिग्दर्शन केट चॅम्पियन यांचं. २००६ मध्ये प्रयोग हॅम्बुर्गला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ऑल्डविच थिएटरला आला. लंडनमध्ये पडदा उघडण्याआधीच एक कोटी पौंडांहून जास्त तिकिटं विकली गेली होती, वेस्ट एंड या लंडनच्या नाट्यवस्तीतला तेव्हाचा विक्रम. तिथे तो २०११ पर्यंत चालला.

प्रयोगाचं पूर्ण नाव ‘डर्टी डान्सिंग: द क्लासिक स्टोरी ऑन स्टेज’ असं आहे. नावात ‘म्युझिकल’ हा शब्दच नाही.

आता गाण्यांचं. म्युझिकलचा साधा नियम असा, की भावना बोलण्यात मावेनाशी झाली की पात्र गातं, आणि गाण्यातही मावेनाशी झाली की नाचतं. आपल्याला हे नवीन नाही. संगीत नाटकाच्या परंपरेत वाढलेल्या मराठी प्रेक्षकाला नायिका मनातलं पदातूनच सांगणार हे गृहीतच असतं. पण नृत्यपटाचा मूळ साचा वेगळा आहे. या प्रकारच्या सिनेमांत गाणी पात्रांच्या तोंडी नसतात, ती खोलीत वाजत असतात. रेकॉर्ड प्लेअरवर, क्लबमध्ये, रेडिओवर. पात्रं ती ऐकतात आणि नाचतात. असा सिनेमा रंगमंचावर आणायचा म्हटलं की पहिलाच प्रश्न उभा राहतो: ही गाणी आता गायची कोणी?

वेगवेगळ्या निर्मात्यांनी याची वेगवेगळी उत्तरं दिली आहेत. ‘सॅटर्डे नाइट फीव्हर’ १९९८ मध्ये लंडनच्या पॅलेडियमला आलं तेव्हा बी जीज या गायकत्रयीची गाणी पात्रांच्या तोंडी दिली गेली. वीस वर्षांनी ब्रिटनमध्ये त्याची नवी निर्मिती झाली, तिने बी जीजसारखे दिसणारे तीन गायक स्टेजवर उभे केले आणि नायकाला नाचायला मोकळं सोडलं. ‘फुटलूज’ने न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर, तेही १९९८ मध्येच, सिनेमातली गाणी पात्रांना वाटून दिली आणि भर म्हणून नवी गाणी लिहिली. ‘बिली एलियट’ने तर २००५ मध्ये सगळं संगीतच नव्याने करून घेतलं, एल्टन जॉनकडून. बर्गस्टीन यांनी तिसराच मार्ग धरला: गाणी बँडसोबतचे आणि साथीच्या भूमिकांतले गायक गातील, काही जुनी गाणी मूळ ध्वनिमुद्रणातूनच वाजतील, आणि जॉनी-बेबी फक्त बोलतील आणि नाचतील.

माझ्या मते तो बरोबर होता, आणि कारण कथेतच आहे. बेबीला शब्दांची कमतरता कधीच नाही. ती हुशार आहे, पीस कोअर या परदेशात सेवा करणाऱ्या अमेरिकी स्वयंसेवकांच्या संस्थेत जायची स्वप्नं बघते, जगातल्या अन्यायाबद्दल जेवणाच्या टेबलावर बोलू शकते. तिला येत नाही ते शरीराने बोलणं. जॉनीचं नेमकं उलट. दुसऱ्या अंकात बेबी स्टेजच्या मधोमध उभी राहून आपल्या भावना सुरेल गाण्यात मांडायला लागली, तर तिची मूळ अडचण तिथेच संपली. मग तिला नाच शिकायची गरज काय उरली?

म्हणून या प्रयोगात पदाचं काम नाचाला करावं लागतं. आणि इथे नृत्य बसवणाऱ्यापुढे जो पेच येतो तो लिफ्टपेक्षा कितीतरी अवघड आहे, पण त्याबद्दल कोणी विचारत नाही. बेबीची भूमिका करणारी मुलगी आधीच तयार नर्तकी असते, निदान चांगली तालीम घेतलेली. तिला न येणाऱ्या मुलीसारखं नाचायचं असतं, आणि अडीच तासांत, प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत, थोडं थोडं येत जायचं असतं. सिनेमाला हे सोपं जातं. तालमींचे तुकडे एकामागून एक लावले, पाय दाखवले, हात दाखवले, हसणं दाखवलं, तीन मिनिटांत तीन आठवडे गेले. सिनेमातला जॉनी पॅट्रिक स्वेझी याने बेबी झालेल्या जेनिफर ग्रेच्या हातावरून बोटं फिरवली आणि तिला हसू फुटलं, तो वैताग आणि ते हसू खरं होतं; कॅमेरा चालू होता म्हणून ते सिनेमात राहिलं. रंगमंचावर असा अपघात हाती लागला तरी दुसऱ्या दिवशी तो पुन्हा घडवावा लागतो.

मग करतात काय, तर चुका बसवतात. हे वाचायला विचित्र वाटेल, पण नवशिक्याचा नाच काउंटवर, म्हणजे मोजलेल्या मात्रांवर, बसवावा लागतो, तयार नाचापेक्षा जास्त काटेकोरपणे. खऱ्या नवशिक्याची चूक रोज वेगळी असते आणि जोडीदाराला धोक्याची असते. स्टेजवरची चूक रोज त्याच जागी, तितकीच हवी, म्हणजे समोरचा निर्धास्त राहतो. मी अशा भूमिकेसाठी चुकांचा एक क्रम ठरवून घेते. सुरुवातीला सगळ्याच आहेत: नजर पायाकडे, खांदे कानाजवळ, श्वास रोखलेला, दंड ढिले, वजन एका पायावरून दुसऱ्यावर जायला अर्धा बीट उशीर, आणि पहिल्या काउंटला पाऊल पडतंय. मग प्रत्येक प्रवेशात एकच गोष्ट काढून घ्यायची. आधी नजर वर येते. मग दंडांना आधार येतो, ज्याला बॉलरूममध्ये फ्रेम म्हणतात. जॉनी तिला ‘ही तुझी जागा, ही माझी’ असं दाखवतो तो धडा हाच. कंबर सगळ्यात शेवटी सुटते, कारण ती लाजेशी बांधलेली असते. सगळं एकदम सुधारलं तर प्रेक्षकाला जादू दिसते, शिकणं दिसत नाही.

पहिल्या काउंटची ती चूक नीट समजून घेण्यासारखी आहे. जॉनी बेबीला शिकवतो तो मँबो हा लॅटिन नाच, आणि त्या काळच्या न्यूयॉर्कमध्ये नाचला जाणारा मँबो दुसऱ्या बीटवर सुटतो. पहिला बीट ऐकायचा, थांबायचा, दोनवर निघायचं. ज्याला ताल कळतो पण शरीरावर विश्वास नाही तो घाईने एकवरच पाऊल टाकतो. बेबी हुशार मुलगी आहे, हात वर करून सगळ्यांच्या आधी उत्तर देणारी. तिचा हा स्वभावच त्या चुकीत दिसतो. ती ज्या दिवशी एकवर थांबते त्या दिवशी ती बदललेली असते, आणि हे सांगायला एका शब्दाचीही गरज पडत नाही. मँबो इथे योगायोगाने आलेला नाही, हेही जाता जाता सांगते. १९५० च्या दशकात कॅट्सकिलमधल्या ज्यू कुटुंबांच्या मोठमोठ्या रिसॉर्टमध्ये त्याचं वेड होतं. ग्रॉसिंजर्ससारख्या ठिकाणी लॅटिन बँड वाजायचे आणि पाहुण्यांना शिकवायला नृत्यशिक्षक नेमलेले असायचे. जॉनीची नोकरी ही तिथली खरीखुरी नोकरी होती.

संगीताबद्दल एक तांत्रिक गोष्ट, कारण ती नाचणाऱ्यांच्या थेट पायाखाली येते. ध्वनिमुद्रित गाणं कोणासाठी थांबत नाही. प्रत्यक्ष वाजणारा बँड नर्तकाचा श्वास बघून अर्धा क्षण रेंगाळू शकतो, जसा आपल्याकडे तबलजी गायकाच्या तानेची वाट बघतो. मुद्रित पट्टीवर ती सवलत नाही. एखादी पकड सुटली तरी पुढचा बीट ठरल्या वेळी येणारच. मग मूळ ध्वनिमुद्रणं ठेवलीच कशाला? कारण १९६० च्या आसपासच्या त्या गाण्यांचा आवाज, त्यांतली खरखर आणि घुमणं, हा त्या काळाचाच भाग आहे आणि प्रेक्षकाच्या आठवणीचाही. शिवाय हक्कांचा मुद्दा असतो. गाणं सिनेमात वापरायची परवानगी वेगळी, मैफलीत गायची वेगळी, आणि कथानकाचा भाग म्हणून रंगमंचावर वापरायची आणखी वेगळी. सिनेमात असलेलं प्रत्येक गाणं नाटकात आपोआप येत नाही. एकेका गाण्याच्या मालकाशी बोलावं लागतं. कोणी आवडत्या नृत्यपटाचं नाटक करायचं मनात घेत असेल तर नेपथ्याच्या आधी या कामाला लागा.

आता लिफ्ट. सिनेमात जेनिफर ग्रेने ती चित्रीकरणाच्या दिवसापर्यंत सरावात केलीच नव्हती, भीती वाटायची म्हणून. हे तिने स्वतः सांगितलं आहे. पडद्यावर ते चालून गेलं, कारण एकदा जमली की ती कायमची जमली. रंगमंचावर ती आठवड्याला आठ प्रयोगांत आठ वेळा जमावी लागते, तीही अडीच तास नाचून झाल्यावर, घामाने हात निसरडे झालेले असताना.

ताकदीचा प्रश्न त्यात लोक समजतात तितका नाही. बेबी धावत येते आणि स्वतः उडी मारते. तिच्या उडीचा वेग वरच्या दिशेला वळवणं हे जॉनीचं काम. तो गुडघ्यांत वाकून तिला घेतो, त्याचे तळहात तिच्या कमरेच्या पुढच्या दोन हाडांवर येतात, आणि गुडघे सरळ होताना त्याच ओघात हात वर जाऊन कोपरांत घट्ट होतात. तिचं वजन त्याच्या मनगटांवरून, खांद्यांवरून, कमरेवरून सरळ टाचांत उतरलं पाहिजे. ती रेषा जुळली तर बारीक अंगाचा माणूसही तिला धरून राहतो. ती तुटली तर पैलवानही डगमगतो. वर गेल्यावर तिचं काम संपत नाही, उलट सुरू होतं. पाठ, पोट, मांड्या सगळं आवळलेलं, पाय एकत्र, नजर समोर आणि किंचित वर. खाली पाहिलं की डोकं जातं, डोक्यामागे छाती जाते, आणि दोघंही पुढे कलंडतात.

सगळ्यात धोकादायक क्षण धावण्याच्या शेवटच्या दोन पावलांत असतो. घाबरून तिथे वेग कमी केला तर त्याच्या हातात उडी येत नाही, नुसतं वजन येतं, आणि ते त्याला खांद्यांनी ढकलावं लागतं. खांदे आणि कंबर दुखावण्याचं हे ठरलेलं कारण आहे. म्हणजे जी मुलगी पूर्ण वेगाने येते तीच दोघांना सुरक्षित ठेवते. कथेत जॉनी बेबीकडून जे मागतो आणि शेल्ड्रेक हॉटेलमधल्या कार्यक्रमात ती जे देऊ शकत नाही, ते हेच. तिथे ती ऐन वेळी बिचकते आणि लिफ्ट सोडून देते. शेवटी तीच लिफ्ट जमते तेव्हा कथा आणि शरीरशास्त्र एकच गोष्ट सांगत असतात. एखाद्या युक्तीला इतका नाट्यार्थ मिळालेला मी फार कमी वेळा पाहिला आहे.

अशा प्रयोगांत पडदा उघडण्याआधी लिफ्टचा छोटा सराव होतो, त्याला लिफ्ट कॉल म्हणतात. त्या दिवशी जे दोघं काम करणार आहेत ते थंड अंगाने नाही, तापलेल्या अंगाने प्रत्येक लिफ्ट एकदा करून बघतात, बूट आणि शक्य असेल तर कपडेही प्रयोगातलेच घालून. कपड्याला फार महत्त्व आहे. गुळगुळीत कापड तळहाताखाली सरकतं, म्हणून पकडीच्या जागी काय शिवलंय हे वेशभूषाकाराशी आधी बोलावं लागतं. आणि उतरवणं चढवण्याइतकंच बसवावं लागतं. टाळ्यांच्या गजरात ते कोणाच्या लक्षात येत नाही, पण दमलेल्या हातांनी तिला सावकाश, अंगालगत, पायांवर आणून ठेवायचं असतं, कारण नाच अजून संपलेला नसतो.

तळ्यातला प्रसंग मला वैयक्तिकरीत्या कमी भावतो. सिनेमात तो नॉर्थ कॅरोलिनातल्या लेक ल्युअरला ऑक्टोबरमध्ये चित्रित झाला. पाणी इतकं गार होतं की ओठ निळे पडले आणि जवळून दृश्यं घेता आली नाहीत. रंगमंचावर पाण्याचं दृश्य प्रक्षेपित करतात, कलाकार त्यामागे अर्धे झाकलेले राहतात, आणि लिफ्ट कोसळल्यावर पाणी उसळल्याचा भास होतो. प्रेक्षक हसतात, टाळ्याही देतात. चलाखी म्हणून गोड आहे. पण प्रयोगात इतर सगळीकडे खरी शरीरं, खरं वजन दिसत असताना इथे तेवढं चित्र दिसतं, आणि मला तो फरक जाणवतो.

सिनेमा पाठ असलेल्याला नवं काय मिळेल? बर्गस्टीन यांनी नागरी हक्कांच्या चळवळीचा धागा ठळक केला आहे. कथा १९६३ च्या उन्हाळ्यातली, आणि मार्टिन ल्यूथर किंग यांचं वॉशिंग्टनमधलं भाषण त्याच वर्षीच्या २८ ऑगस्टचं. रंगमंचावरच्या शेकोटीच्या प्रवेशात तो काळ थेट आत येतो. हेतू मला पटतो. बेबी कोणत्या जगात मोठी होते आहे हे सिनेमात ओझरतं होतं. पण तो प्रवेश बसून बोलण्याचा आणि गाण्याचा आहे, आणि ज्या प्रयोगाने शरीराला भाषा मानलं आहे तिथे तेवढा वेळ नाच बाजूला उभा राहतो.

जॉनीची नाचातली जोडीदार पेनी, तिची गोष्ट मात्र रंगमंचावर जास्त भिडते. ती गरोदर आहे, गर्भपात तेव्हा बेकायदा, डॉक्टर मिळतो तो नेमका कार्यक्रमाच्या दिवशी, म्हणून बेबीला तिच्या जागी नाचावं लागतं. सिनेमाच्या वेळी एका प्रायोजकाने हा भाग काढायला सांगितला होता. बर्गस्टीन यांनी तो असा विणला होता की तो काढला तर कथाच उभी राहत नाही. अमेरिकेत १९७३ मध्ये मिळालेला गर्भपाताचा घटनात्मक हक्क २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने काढून घेतला, त्यानंतर हे प्रवेश जुन्या काळाचे म्हणून बघता येत नाहीत. पेनी ही त्या मंडळींतली सर्वोत्तम नर्तकी. जिचं शरीर इतकं तिच्या हुकमात आहे तिलाच आपल्या शरीराबद्दल ठरवता येत नाही. ती प्रत्यक्ष समोर नाचताना बघितल्यावर हे जितकं लागतं तितकं पडद्यावर लागत नाही.

एक खरी उणीव सांगायला हवी. संहिता सिनेमाच्या फार जवळ राहते. दोन-तीन वाक्यांचे प्रवेश, अंधार, नवी जागा, पुन्हा अंधार. कॅमेऱ्याला कापाकापी शोभते. रंगमंचावर प्रवेशाला रुजायला वेळ लागतो. विशेषतः बेबी आणि तिच्या वडिलांचं नातं, जे खरं तर दुसरं प्रेमप्रकरण म्हणावं इतकं महत्त्वाचं आहे, त्याला आणखी दोन पूर्ण प्रवेश मिळायला हवे होते. तिथे सिनेमात वडिलांचा चेहरा जवळून दिसतो. रंगमंचावर तो चेहराही नाही आणि गाणंही नाही, आणि वडील नाचतही नाहीत.

तेव्हा जायचं का? जा. मात्र सिनेमातले चेहरे शोधायला जाऊ नका. जॉनी म्हणून आधी उत्तम नर्तक निवडलेला असतो. सिडनीत आणि लंडनमध्ये पहिल्यांदा ही भूमिका करणारा जोसेफ ब्राउन हा ऑस्ट्रेलियन बॅलेत घडलेला नर्तक होता. तिकीट काढताना अगदी पुढच्या रांगा टाळा, तिथून पावलं दिसत नाहीत आणि मँबो गुडघ्यांखाली घडतो. मधल्या रांगा किंवा पहिल्या बाल्कनीची पुढची बाजू उत्तम. आणि त्या दिवशी मुख्य कलाकाराऐवजी बदली कलाकार काम करणार अशी पाटी दिसली तर तिकीट परत करू नका. त्या दोघांनीही दुपारी लिफ्ट कॉल केलेला असतो, आणि बदली म्हणून आलेली बेबी शेवटच्या दोन पावलांत सहसा जास्तच वेगाने धावते.